एकही अक्षर कमी नाही

माझ्या नणंदेला ऑफिसात सगळे 'इस्त्री' म्हणायचे. तोंडावर ताई आणि पाठ फिरली की इस्त्री. तिला ते ठाऊक होतं, आणि मला विचाराल तर मनातून आवडतही होतं. कुणीही कसाही चुरगळलेला कागद तिच्याकडे पाठवावा आणि तिने तो सरळ, सपाट, एकसारखा करून परत द्यावा, यात तिची हयात गेली. खरीखुरी इस्त्री ती हातात धरायची ती एकाच माणसाच्या शर्टांसाठी. तो तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा.

आम्ही तिघंही एकाच कंपनीत. दुसऱ्यांच्या कारखान्यांतल्या टाक्या, नळ आणि पंप साफ करून, दुरुस्त करून द्यायचे हा कंपनीचा धंदा. मी दाराजवळच्या टेबलावर फोन घ्यायची. नवरा पंपांवर मेकॅनिक. नणंद आतल्या खोलीत, जिथे कामाचे कागद तयार होत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या त्या कामाचा कागद असायचा: आधी काय करायचं, नंतर काय, आणि काय अजिबात करायचं नाही. साहेबांचा नियम असा की कामावर गेलेल्या माणसाने डोकं चालवायचं नाही, कागदाप्रमाणे चालायचं. म्हणजे आमच्या घरातला पुरुष रोज सकाळी आपल्या बहिणीने नीटनेटक्या केलेल्या कागदाच्या भरवशावर बाहेर पडायचा आणि त्याच भरवशावर घरी यायचा. त्या भरवशाचं काय झालं ते सांगायचं तर आधी तिचं काम काय होतं ते सांगावं लागेल.

कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीला एक स्टाइल असते. मथळ्याची एक, साध्या मजकुराची एक, पायरीची एक. अक्षर केवढं, ओळ कुठून सुरू होणार, तिच्यामागे आकडा कोणता लागणार, हे सगळं त्या स्टाइलच्या पोटात. पायऱ्यांचे एक, दोन, तीन हे आकडे कुणी टाइप करत नाही, स्टाइलच ते घालते. आमच्या कंपनीचं काम खरं तर मोजक्या स्टाइल्समध्ये भागलं असतं. पण येणारा प्रत्येक साहेब आपली एक जन्माला घालून जायचा. 'नवा मथळा', 'नवा मथळा खरा', 'हीच वापरा', 'ही वापरू नका', 'तात्पुरती'. तात्पुरती म्हणे, ती माझ्या लग्नाआधीपासून होती. शिवाय एका फाइलमधल्या चार ओळी उचलून दुसरीत टाकल्या की त्यांच्या स्टाइल्सही बरोबर येतात, शेजारच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा याव्यात तशा. मग एखाद्या कागदात मधलीच ओळ उगाच जाड व्हायची, नऊ नंतर आकडा पुन्हा एकवर यायचा, आणि प्रिंट काढणाऱ्याची चिडचिड व्हायची. अशा वेळी फाइल इस्त्रीकडे जायची.

तिची पद्धत ठरलेली होती. पडद्याच्या डाव्या बाजूला प्रत्येक ओळीच्या स्टाइलचं नाव दाखवणारा एक पट्टा उघडता येतो. तो पट्टा ती चांगला रुंद करायची आणि मजकूर इतका बारीक करायची की मुंग्यांची रांग वाटावी. नजर त्या पट्ट्यावर. नको ते नाव दिसलं की ती स्टाइल काढून टाकायची आणि उघड्या पडलेल्या ओळींना कंपनीने मान्य केलेली स्टाइल चढवायची. मजकूर ती वाचत नसे. तिला त्याचा अभिमान होता.

"वाचायला लागलं की गुंतायला होतं," ती म्हणायची. "मजकूर ज्याचा त्याचा. मी फक्त त्याचे कपडे बघते."

काम सुरू करण्याआधी फाइलमध्ये एकूण अक्षरं किती ते ती कॉम्प्युटरला विचारून टेबलावर खडूने लिहून ठेवायची. काम संपलं की पुन्हा विचारायची. दोन्ही आकडे जुळले की ओल्या फडक्याने खडू पुसायची आणि स्वतःशीच म्हणायची, "एकही अक्षर कमी नाही." मग चहा. इतक्या वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता. चुकला असता तर फार बरं झालं असतं.

घरातही तिचं तेच. ज्याचा उपयोग नाही ते घरात नको. झाकण हरवलं की डबा बाहेर, जोडीतला एक मोजा फाटला की दुसराही बाहेर. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा माझ्या आईने दिलेली, एक कान तुटलेली बरणी बरोबर आणली होती. आठवड्याच्या आत ती नाहीशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, तिच्यात काही ठेवलं नव्हतंस." मी दोन दिवस अबोला धरला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी बडबडी म्हणून ती मला 'टेलिफोन' म्हणायची. म्हणाली, "टेलिफोन बिघडलाय वाटतं."

आईवडील लवकर गेल्यावर भावाला तिनेच वाढवलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. भाऊ दारात वाकून आत यावा एवढा उंच, तरी ती त्याला 'छोट्या' म्हणायची. त्याचं तिच्यावाचून पान हलत नसे. मी एखादी गोष्ट दहादा सांगितली तर त्याचं उत्तर, "ताईला विचारतो." कामावरही तेच. बाकीचे मेकॅनिक कागदाची घडी घालून खिशात कोंबायचे. हा तो पाटीला क्लिपने लावून, ओळीवर बोट ठेवून वाचायचा. सहकारी चेष्टा करायचे. हा म्हणायचा, "ताईचा कागद आहे. चुकणार नाही."

त्या खोलीत ताईच्या आधी आण्णा होते. तिला हे काम त्यांनीच शिकवलं. पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि दुसऱ्याला काही समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप असं मानणारा माणूस. त्यांनीही आयुष्यभर स्वतःच्या स्टाइल्स केल्या होत्या, आणि त्यांना आपलंच नाव दिलं होतं: 'आण्णा-१', 'आण्णा-२' अशी ओळ. निवृत्त होताना त्यांनी ताईला जवळ बोलावून सांगितलं, "बाकीच्यांचं काय करायचं ते कर. पण चार नंबरला हात लावू नकोस. तिच्यात जीव आहे."

ताईने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. "राक्षसाचा जीव पोपटात असतो," ती म्हणाली, "तसा म्हाताऱ्याचा चार नंबरात." तिला वाटलं, आपलं नाव कंपनीत मागे राहावं एवढीच म्हाताऱ्याची हौस. मलाही तेच वाटलं. छोट्या हसता हसता म्हणाला, "राहू दे की मग, काय बिघडतंय?" ताई म्हणाली, "पसारा बिघडतो."

पुढे तिने त्यांच्या बाकीच्या स्टाइल्स काढल्या. आण्णांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी बोलणं सोडलं. वर्षभराने ते गेले. ताई शेवटचं भेटायला गेली नाही. त्यांना तिने आणखी काही विचारलं असतं का, आणि विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगितलं असतं का, याचा विचार मी पुष्कळदा करते. दोघंही आपापल्या जागी ताठ. विचारणं आणि सांगणं दोघांनाही जड जायचं.

चार नंबर मात्र जात नव्हती. ताई एखाद्या फाइलमधून ती काढायची, आणि तीच फाइल घेऊन कुणी नवा कागद बनवला की ती पुन्हा हजर. कारण ती मुळात होती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्या कोऱ्या साच्यावरून सगळे कागद निघतात त्यात. दिसायला अगदी साधी, काळी अक्षरं, नेहमीचं माप. "हिचा काही म्हणजे काही उपयोग नाही," ताई चिडून म्हणायची, "साध्या मजकुरासारखीच तर आहे." बारीक केलेल्या मजकुरात तिला एवढंच दिसत होतं. साच्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती, म्हणून ती दात ओठ खात गप्प बसायची. ज्या थोड्या फाइल्समधून ती काढली गेली होती त्या पंपांच्या आणि नळांच्या होत्या. तिथे मनाई फारशी नसतेच.

मग मोठ्या साहेबांनी नवं यंत्र आणलं. आता प्रत्येक कागद गाडीतच छापून निघणार होता, आणि त्या यंत्राला ठरवून दिलेल्या स्टाइल्सपलीकडे काही चालत नव्हतं. साहेबांनी ताईला साच्याची किल्ली दिली आणि सांगितलं, "सगळं स्वच्छ करा." त्या दिवशी ती घरी आली ती गुणगुणत. मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मला ते चांगलं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. घर एकाएकी फार शांत झाल्यासारखं वाटत होतं एवढंच.

तिने आधी जुन्या सगळ्या फाइल्सची एक प्रत बाजूला ठेवली, नियमाप्रमाणे. मग साच्यातून चार नंबर काढली. कॉम्प्युटरने विचारलं, खरंच काढायची का. तिने हो म्हटलं. मग एकेक फाइल घेतली. चार नंबर गेल्यावर उघड्या पडलेल्या ओळी पायऱ्यांच्या मधेमधे होत्या, तेव्हा त्यांना तिने पायरीचीच स्टाइल चढवली. आकडे आपोआप सरकले, ओळी एका रेघेत आल्या. कागद असे देखणे झाले की साहेबांनी स्वतः खोलीत येऊन कौतुक केलं. आणि प्रत्येक फाइलनंतर खडूचा आकडा जुळला. एकही अक्षर कमी नाही.

त्याच सुमारास टाक्यांवरचा एक मेकॅनिक पाठीच्या दुखण्याने रजेवर गेला आणि त्याच्या जागी माझ्या नवऱ्याला घातलं. टाक्यांचं काम त्याने कधी केलं नव्हतं. शिकवणीचा वर्ग पुढच्या आठवड्यात होता. तोवर कागद आहेच, असं साहेब म्हणाले. मी रात्री जेवताना कुरकुरले. बंद टाकीत काय काय साचतं ते फोनवर बसून मीही ऐकलेलं होतं.

"तू उगाच घाबरतेस," नवरा म्हणाला. "सगळं लिहिलेलं असतं."

"आणि आता तर सरळ ओळीत लिहिलेलं आहे," ताई म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाबाहेरच्या एका कारखान्यात गेला. जमिनीखालची सांडपाण्याची टाकी, पुष्कळ दिवस बंद असलेली. बरोबर गाडीचा ड्रायव्हर. तिथे ठिणगीच्या भीतीने मोबाइल गेटवर ठेवून घ्यायचे. म्हणून त्याने आत जाण्याआधी गेटवरच्या फोनवरून मला फोन केला.

"ताई जागेवर आहे का?"

"आहे. काय झालं?"

"काही नाही. चौथी पायरी जरा उलटी वाटतेय मला. पाचवीच्या आधी कशी काय, म्हणून. एकदा विचार ना, कागद बरोबर आहे ना?"

मी रिसीव्हर बाजूला ठेवून आतल्या खोलीच्या दारात गेले. ताईची नजर डाव्या पट्ट्यावर होती. मी म्हटलं, "छोट्या विचारतोय, चौथी पायरी बरोबर आहे का."

तिने मान वळवली नाही. "मजकुराचं मला काय विचारतो? त्याला सांग, जुन्या कागदात होतं तेच नव्यात आहे. मी मोजून बघितलंय. एकही अक्षर कमी नाही."

मी परत येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

"मग झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आवाजात काही नव्हतं. निश्चिंत होता. मीही पुढचे फोन घेत बसले.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी मुकादमांचा फोन आला. टाक्यांच्या कामात केस पांढरे झालेला माणूस. त्या दिवशी दुसऱ्याच एका कारखान्यात होते. त्यांना गाडीसाठी डिझेल हवं होतं. ते सांगून झाल्यावर म्हणाले, "काय टेलिफोनबाई, तुमच्या नणंदबाईंनी सगळ्या मनाया उठवल्या वाटतं. आता आम्ही काहीही करायला मोकळे."

"म्हणजे?"

"अहो, नवा कागद बघतोय. त्यात 'मनाई' असं कुठेच नाही. आम्हाला काय, पाठ आहे सगळं. पण छापताना राहिलंय बहुतेक, सांगा त्यांना."

ते हसत होते. मीही हसले. डबा घेऊन आत गेले आणि ताईला गंमत म्हणून सांगितलं. घास घेऊन तोंडापर्यंत गेलेला तिचा हात तिथेच थांबला.

"राहील कसं?" ती म्हणाली. "मी मोजलंय."

तिने हात न धुताच टाकीच्या कामाची नवी फाइल उघडली. मग बाजूला ठेवलेली जुनी. दोन्ही शेजारी शेजारी. पहिल्यांदाच मजकूर मोठा केला. जुन्या कागदावर तिसऱ्या पायरीखाली स्पष्ट होतं: 'मनाई: झाकण उघडल्याबरोबर टाकीत उतरणे.' नव्या कागदावर त्याच जागी होतं: '४. झाकण उघडल्याबरोबर टाकीत उतरणे.' आणि त्याखाली, '५. टाकीतील वायू तपासणे.'

मला तेवढं पुरेसं होतं. ताई मात्र अजून पडद्याशी भांडत होती. तिने दोन्हीकडची अक्षरं मोजायला लावली. आकडा एकच. मग जुन्या फाइलमध्ये 'मनाई' हा शब्द शोधायला सांगितला. कॉम्प्युटर म्हणाला, असा शब्द या फाइलमध्ये नाही. शब्द आमच्या डोळ्यांसमोर होता, पानापानावर होता, आणि यंत्र म्हणत होतं की नाही. ताईने त्यावर कर्सर नेऊन टिचकी मारली. शब्द करडा झाला, पण कर्सर त्याच्या आत शिरेना. तिने पुन्हा मारली, पुन्हा मारली.

"हा लिहिलेलाच नाही," ती हळू म्हणाली. "आकड्यासारखा येतोय. चार नंबरच्या पोटातून."

तेव्हा कळलं म्हातारा काय म्हणत होता. आण्णांच्या काळात कुणा टायपिस्टच्या हातून एकदा 'मनाई' हा शब्द पुसला गेला होता, हे आम्हाला पुढे चौकशीत समजलं. पुन्हा कुणाच्या बोटाने चुकून पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी तो मजकुरातून काढून स्टाइलमध्ये ठेवला. तिथे तो खोडता येत नव्हता. मोजताही येत नव्हता. स्टाइलच काढली तरच तो जाणार होता, आणि तसं कोण कशाला करेल?

ताई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

"छोट्या कुठे आहे?"

मी पळत टेबलाशी आले. कारखान्याच्या गेटचा नंबर मला पाठ होता, तरी बोटं चुकली. पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. ताई माझ्यामागे उभी होती, तिचा भाताचा हात माझ्या खांद्यावर होता. तिला मी त्याआधी आणि त्यानंतर कधी देवाचं नाव घेताना ऐकलं नाही. तेव्हा ती काही तरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव. नीट ऐकलं तर ती पायऱ्या म्हणत होती. पंप बंद करणे. नट सैल करणे. झाकण उघडणे.

शेवटी वॉचमनने फोन उचलला.

"आमच्या माणसाला थांबवा," मी म्हटलं. "टाकीत उतरू नको म्हणावं. पळत जा."

"कोण, ते उंच साहेब? ते केव्हाच गेले आत."

"आत म्हणजे कुठे?"

"आवारात. सकाळपासून झाकणाचे गंजलेले नट सोडवत होते. थांबा, कुणीतरी ओरडतंय तिकडे."

त्याने रिसीव्हर टेबलावर टाकल्याचा आवाज आला. मग बूट धावल्याचा. मग बराच वेळ फक्त वॉचमनच्या खोलीतल्या पंख्याची घरघर. दुसऱ्या लाइनवर कुणीतरी डिझेलबद्दल विचारत होतं. मी ती लाइन बंद केली. घरघर ऐकत आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि मला कळत होतं की आता जे काही आहे ते होऊन गेलेलं आहे, फक्त फोनवर यायचं बाकी आहे.

वॉचमन परत आला तेव्हा धापा टाकत होता. म्हणाला, "वर काढलंय त्यांना. बोलत नाहीत."

माझा नवरा पुन्हा बोलला नाही. ड्रायव्हर त्याच्यामागे उडी घ्यायला निघाला होता. कारखान्याच्या माणसांनी कमरेला मिठी मारून त्याला धरलं, म्हणून एकावर निभावलं. त्या झाकणाशेजारी पाटी पडलेली होती. कागद क्लिपने नीट लावलेला.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी चांगला मार्ग काढला होता. ते म्हणाले, आण्णांनी कुणालाही न सांगता शब्द असा लपवून ठेवला, दोष त्यांचा. ताईला फक्त मान डोलवायची होती. मेलेल्या माणसावर ढकललं की कुणाच्याच पोटावर पाय येत नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं होतं. हात लावू नकोस म्हणाले होते. मी लावला. आणि त्या दिवशी माझ्या भावाने मला विचारलं, तेव्हा मी बघितलं नाही." एवढं बोलून खाली बसली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिचा गळा दाबावासा वाटला. दोन्ही खरं आहे.

कंपनीने तिला काढलं नाही. साहेबांना तिची कीव आली असेल, किंवा त्या साच्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची हिंमत नसेल. तिने प्रत्येक फाइल पुन्हा घेतली आणि प्रत्येक 'मनाई' हाताने टाइप केली. आता ती वाचायची. मोठ्याने वाचायची, एकेक ओळ, आणि बंद दारातून तो आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा. झाकण उघडल्याबरोबर टाकीत उतरणे. काही लोकांनी साहेबांकडे तक्रार केली की ऐकवत नाही. साहेबांनी माझं टेबल हलवायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं.

घरी मात्र ती बदलली नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. महिना उलटायच्या आत तिने त्याचे सगळे शर्ट इस्त्री करून, घड्या घालून, गठ्ठा बांधून देऊन टाकले. मी कामावरून घरी आले तर कपाटाचा अर्धा भाग रिकामा. मी म्हटलं, "एक तरी ठेवायचा होता." ती म्हणाली, "कुणाला उपयोग आहे?" त्या दिवशी मी तिला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काळीज नसलेली बाई, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती ऐकत राहिली आणि मग भांडी घासायला गेली. मी तिला माफ केलं नाही. सोडूनही गेले नाही. जाणार कुठे, आणि तिच्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायला मला होतं कोण? एकाच छताखाली आम्ही दोघींनी, मीठ संपलंय आणि दूधवाला आला होता, एवढ्यावर वर्षं काढली.

ती निवृत्त झाली, आणि त्यानंतर फार दिवस राहिली नाही. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. तिच्या खोलीत मागे आवरायला काहीच नव्हतं. दोन साड्या, चष्मा, आणि रिकामं कपाट. मी तिथे उभी राहून म्हटलं, हिने स्वतःलासुद्धा काढून टाकलं होतं.

तिच्या जागी एक नवी मुलगी आली. हुशार, चटपटीत, कानात सतत गाणी. परवा तिने आतून मला फोन केला. मी अजून त्याच टेबलावर आहे.

"मावशी, तुम्ही इथे सगळ्यात जुन्या, म्हणून विचारते. टेम्प्लेट साफ करतेय. सगळं अगदी स्वच्छ आहे, तुमच्या नणंदबाईंनी काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. फक्त एक स्टाइल आहे, मला कळत नाहीये कशाची. एकाही फाइलमध्ये वापरलेली नाही. आत शब्द नाही, आकडा नाही, काहीच नाही. नुसतं नाव."

"काय नाव?"

"'छोट्या'," ती म्हणाली. "कुणाचं हो? उपयोग तर काही दिसत नाही. काढून टाकू का?"